पाच लाखांचं कार्ड आणि बीपीची गोळी

माझे मामा भोरकडचे, भातशेती करणारे. बीपीची गोळी चालू होती, मग गावाजवळच्या सरकारी केंद्रात दीड-दोन महिने गोळ्याच आल्या नाहीत, त्यात लावणीचे दिवस, चिखल सोडून तालुक्याच्या मेडिकलला जाणार कोण, आणि एका पहाटे त्यांना लकवा मारला. पुण्यात आणलं, सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर ॲडमिट केलं, बिल भरावं लागलं नाही, त्याबद्दल मी खरंच ऋणी आहे. पण उजवा हात गेला तो गेलाच.

हे मी तुम्हाला का सांगतोय, तर आरोग्य सुधारायचं म्हटलं की आपण पुणेकर लगेच नवीन हॉस्पिटल, नवीन एमआरआय मशीन यावर येतो. आधी काय करायचं हे ठरवायला पहिल्यांदा मोजलं पाहिजे, माणूस नेमका कुठं मरतोय आणि पैसा नेमका कुठं जातोय. पैशाचं बघा, सरकारचाच हिशोब आहे, 2013-14 मध्ये आरोग्यावरच्या दर 100 रुपयांतले 64 लोक स्वतःच्या खिशातून द्यायचे, 2021-22 मध्ये ते 39 वर आले. चांगलं झालं. पण या खिशातल्या पैशाचा मोठा भाग जातो ओपीडीत आणि औषधांत, आणि आयुष्मान भारतचं 5 लाखांचं कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर. रोजच्या गोळीला ते कार्ड नाही.

मोजल्यावर काय होतं ते बघायचं तर गडचिरोलीला बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावागावात जन्म आणि बाळांचे मृत्यू नोंदवायला घेतले, तेव्हा दिसलं की पहिल्या महिन्यातच एवढी बाळं जातायत आणि त्यात जंतुसंसर्ग मोठं कारण. मग गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, इंजेक्शनसुद्धा. तीन वर्षांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 ला ते लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्याचं मूळ तिथं आहे. त्यासाठी कुठलं मोठं मशीन लागलं नव्हतं हो!

पैसा कमी आहे हे खरंच आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं, 2021-22 ला तो 1.84 टक्के होता. तो वाढलाच पाहिजे, मी ते प्रत्येक ठिकाणी बोलतो. पण पैसा कमी असताना तर क्रम जास्तच नीट लावायला हवा ना, घरात आपण तेच करतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या जिल्ह्यात बजेटची मीटिंग असेल तेव्हा पहिला कागद हा ठेवा, कुठल्या केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या आणि त्या दिवसांत किती पेशंट रिकाम्या हाताने परत गेले. मशीनची फाईल त्याच्यानंतर उघडा.