आजोबा बहात्तर, नातू सतरा

श्रोतेहो, नमस्कार. चालकाचे वय आणि अपघाताचा धोका यांचा आलेख बाळाच्या झोळीसारखा असतो, दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खोल. तेवढ्याच किलोमीटरमागे पाहिले, तर विशीच्या आतल्या चालकांना धोका फार. पुढे तो उतरतो आणि सत्तरीनंतर पुन्हा चढतो. धोका दोन्ही टोकांना असला, तरी त्याची कारणे वेगळी आहेत.

गेल्या ऊसहंगामात बहात्तर वर्षांचे माझे मामा सतरा वर्षांच्या नातवाला घेऊन संकेश्वरहून निपाणीला निघाले होते. पंचेचाळीस वर्षे त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता. सूर्य नुकताच मावळलेला, आणि पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, ज्याला मागे ना लाल दिवा होता, ना रिफ्लेक्टर. (ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय कोणत्याही कारखान्याने ऊस उतरवून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.) “आज्जा, ट्रॉली!” असे नातू ओरडला आणि मामांनी ब्रेक दाबला, तेव्हा उसाची टोके काचेपासून हातभर अंतरावर होती.

मामांना ती ट्रॉली दिसलीच नव्हती. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, आणि मोतीबिंदू असला तर त्याहूनही कमी.

“आता मी चालवतो,” नातू म्हणाला. हात थरथरत असतानाही मामांनी किल्ली काढून खिशात ठेवली. पोराची नजर तीक्ष्ण होती, पण नजर म्हणजे अंदाज नव्हे. धोका आधीच ओळखण्याची सवय अनुभवानेच येते, आणि शेजारी दोस्त बसले की या वयातला धोका आणखी वाढतो. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. दोघांनी गाडी जवळच्या पेट्रोल पंपावर लावली आणि वडापने निपाणी गाठली.

पुढच्या आठवड्यात मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. चाळिशीनंतर परवान्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो. तो देताना अंधूक उजेडात कितपत दिसते, हेही डॉक्टरांनी तपासावे, असे मला मनापासून वाटते.

शस्त्रक्रियेनंतर मामा केवळ दिवसा गाडी चालवतात. नातवाला अठरा पूर्ण झाली असून त्याने शिकाऊ परवाना काढला आहे, आणि तो गाडी शिकताना शेजारी मामा बसतात.