मधपेटी घेण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. संत्र्याच्या बागेत मधपेट्या ठेवाव्यात, असं हल्ली बऱ्याच बागायतदारांच्या मनात येतं. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडची मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका पेटीतून मध किती निघेल? माझं सांगणं असं, की पहिल्या वर्षी मधाचा हिशेब बाजूला ठेवा. नागपूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा, यातून पेटीतली माश्यांची वसाहत जिवंत बाहेर काढायची, एवढंच पहिल्या वर्षाचं पीक माना. साहित्यावर पैसा कुठे घालायचा, हेही त्यावरूनच ठरतं.

आधी माशी कोणती ते पाहू. आग्या माशी उंच झाडावर किंवा इमारतीच्या सज्ज्याखाली मोठं पोळं लावते, फुलोरी माशी झुडपात छोटंसं. या दोघी उघड्यावर एकच पोळं बांधतात, पेटीत नांदत नाहीत. पेटीत नांदतात त्या दोन: आपली सातेरी आणि परदेशातून आणलेली मेलिफेरा. झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी पोळी बांधायची यांची मूळ सवय. पेटी त्याच सवयीवर बेतलेली आहे. सातेरी थोड्यात भागवते, पण फार छेडलं किंवा उपासमार झाली की पेटी सोडून निघून जाते. मेलिफेरा मध जास्त देते, पण फुलोरा संपला की तिला खाऊ घालावं लागतं, नाहीतर पेट्या उचलून दुसऱ्या फुलोऱ्यावर न्याव्या लागतात. घरच्या माणसांवर भागवायचं असेल तर सातेरीपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. पेट्या मात्र दोन घ्या. एकीची राणी मेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची चौकट तिला देता येते आणि त्यातून कामकरी माश्या नवी राणी तयार करतात.

आता पेटी. खाली तळपाट, त्यावर पिलांची कोठी, तिच्यावर मधाची कोठी, मग आतलं झाकण आणि वर छप्पर. कोठ्यांमध्ये लाकडी चौकटी टांगलेल्या असतात आणि माश्या त्यांत पोळी बांधतात. दिसायला साधं खोकं, पण सगळं कसब आतल्या फटीत आहे. १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आलं, की साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या जाण्यायेण्यासाठी मोकळी सोडतात. फट त्याहून मोठी झाली की तिथे आडवंतिडवं पोळं बांधतात, लहान राहिली तर मेलिफेरा ती राळेनं चिकटवून टाकते. मग चौकट उचलायला गेलं की पोळं फाटतं, पिलं चिरडतात, माश्या चवताळतात. म्हणून गावच्या सुताराकडून अंदाजानं पेटी करून घेऊ नका. मापाची, वाळलेल्या लाकडाचीच घ्या आणि पैसा इथे मोकळ्या हातानं घाला. सातेरीची पेटी लहान, मेलिफेराची दहा चौकटींची. दोघींच्या पोळ्यातली घरंही लहानमोठी असतात, त्यामुळे एकीचा मेणपत्रा, म्हणजे पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत लावायचा घरांचे ठसे असलेला मेणाचा पातळ पत्रा, दुसरीला चालत नाही.

बाकी साहित्य थोडकंच. तोंडावर घ्यायची जाळी, चौकटी सुट्या करायला पटाशीसारखी लोखंडी पट्टी, एक मऊ ब्रश आणि स्मोकर, म्हणजे धूर सोडायचं भांडं. स्मोकरमध्ये जुनं गोणपाट किंवा गोवरीचा तुकडा पेटवून थंड, पांढरा धूर काढायचा. माश्यांनी सोडलेला धोक्याचा वास त्या धुरात झाकला जातो. मध काढायचं यंत्र पहिल्या वर्षी विकत घेऊच नका. पेटीच्या घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या वर चढत नाहीत.

पेटी तपासायची ती सकाळी ऊन कोवळं असताना. ऊन पाठीवर घ्यायचं आणि चौकट पेटीच्या वरच उभी धरायची. आडवी केली की नवं, मऊ मेण स्वतःच्याच भारानं तुटून खाली पडतं. घरांच्या तळाशी पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखं एकेक अंडं दिसलं, की राणी आहे. तिला शोधत बसायची गरज नाही, पेटी बंद करा. डंख बसलाच तर तो लगेच नखानं खरवडून काढा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठा.

उन्हाळ्याचं जरा सविस्तर सांगतो. माश्या पिलांची जागा ३४-३५ अंशांवर राखतात आणि नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. माश्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात, दारात उभ्या राहून पंख हलवतात. सगळं बळ त्यातच जातं. म्हणून मार्चपासूनच पेटी दाट सावलीत हवी, दार पूर्वेला. पश्चिमेकडून तट्टी लावा. छपरावर पत्रा असेल तर त्यावर तणसाचा थर आणि ओलं गोणपाट. जवळच मातीच्या परळात पाणी ठेवा आणि त्यात खडे टाका, नाहीतर माश्या बुडतात. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत पेटी उघडूच नका.

पावसाची झड लागली की माश्यांना बाहेर पडता येत नाही. तेव्हा साखर आणि पाणी सारखं घेऊन केलेला पाक संध्याकाळी आत ठेवावा, बाहेर सांडू देऊ नये. सांडला की दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात.

आणि फवारणी. संत्र्याचा आंबिया बहार फुलल्यावर कीटकनाशक मारलं तर पेट्या ठेवण्यात काही अर्थ उरत नाही. फवारणी टाळताच येत नसेल तर ती सूर्यास्तानंतर करा. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याशीही आधीच बोलून ठेवा, कारण माश्या त्याच्या वावरातही जाणार.

सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. पुढे तूर, धणे, मोहरी, मग संत्रा, करंज, कडुनिंब, जांभूळ असा फुलोरा लागोपाठ मिळत जातो. खादी ग्रामोद्योग आयोगाची पुण्यातली केंद्रीय मधमाशी संस्था १९६२ पासून या विषयात काम करते आणि प्रशिक्षणही देते. पेट्यांची मागणी पावसाळ्यातच नोंदवा, म्हणजे दसऱ्यापर्यंत त्या हातात येतील. नमस्कार.