मौजा, हलका, खसरा

(दृश्य: येळाकेळीजवळचा समृद्धी महामार्ग, बाजूला तुरीचं वावर, वावराच्या धुऱ्यावर प्लॉटचा फलक)

11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा सुरू झाला. वर्धा जिल्ह्यात त्याआधीच जमिनी गेल्या होत्या, खात्यात पैसे आले होते. पैसा आला की तो कुठे ठेवायचा हे सांगणारेही येतातच.

(दृश्य: मंगल कार्यालय, रांगेत खुर्च्या, पडद्यावर नकाशा)

रविवारचा गुंतवणूकदार मेळावा. निवृत्त मास्तर, कृषी केंद्राचे मालक, दवाखान्यातले कंपाउंडर, आणि मागच्या रांगेत टोप्या घातलेले दोन-चार कास्तकार. सूत्रधार टायवाला आहे, पण बोलतो आपल्यासारखंच. विमानतळ, नागपूरचं मिहान औद्योगिक क्षेत्र, समृद्धी. पडद्यावर सगळं दहा मिनिटांवर दिसतं. आज टोकन भरणाऱ्याला कोपऱ्याचा प्लॉट. मग टाळ्या.

असे मेळावे वाईटच असतात असं नाही. भाव काय चाललाय, कोणत्या बाजूला लेआउट पडताहेत, हे इथे एका दुपारात कळतं. फक्त ते स्टेजवरून कमी आणि चहाच्या टेबलाशी जास्त कळतं.

(दृश्य: पत्रकाचा जवळून शॉट)

रंगीत पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: मौजा, प.ह.नं., ख.नं. म्हणजे गाव, पटवारी हलका (तलाठ्याच्या हद्दीचा नंबर) आणि खसरा (जमिनीचा नंबर). सगळी कुंडली याच ओळीत. ही ओळच नसेल तर चहा प्यावा आणि घरी यावं. असेल तर त्या नंबरचा सातबारा ऑनलाइन निघतो. त्यावर भोगवटादार वर्ग 2 असेल, तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. जमीन अकृषक, म्हणजे शेतीशिवायच्या वापराची झालेली नसेल, तर तो प्लॉट नव्हे, वावराचा तुकडा आहे. आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला विदर्भाचा 1958 चा स्वतंत्र कुळ कायदा आडवा येतो.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट तपासावी लागते: झुडपी जंगल. कागदावर झुडपी, डोळ्यांना माळरान. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच असल्याचं सांगितलं. मेळाव्यात हा शब्द कोणी काढत नाही.

(दृश्य: माईक मागच्या रांगेकडे जातो)

एक कास्तकार उभा राहतो.

"भाऊ, हे सारं बराबर हाय जी. पन रेराचा नंबर काऊन नाई छापला?"

"काका, प्रोसेसमध्ये आहे. आठ दिवसांत येईल."

"मंग आठ दिवसानं येतो नं."

हशा होतो. पण काकांचा मुद्दा कायद्यातलाच आहे. नियोजन क्षेत्रातल्या मोठ्या लेआउटची महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. नोंदणी झाली, तरी करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. प्लॉट दाखवणाऱ्या एजंटलाही स्वतःचा महारेरा नंबर लागतो.

(दृश्य: जेवणाची पंगत)

वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. मास्तर आणि काका शेजारी बसलेत. मास्तरांनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला खसरा नंबर उतरवून घेतलाय. सोमवारी तलाठी सज्जावर असतात का, एवढंच ते काकांना विचारताहेत.