सायलेन्सरजवळ उभे राहा, मग पुर्जे बदला

नमस्कार श्रोतेहो.

लाख-दीड लाख किलोमीटर झालेली पेट्रोल गाडी, त्यात बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, आणि रोजचा रस्ता घोडबंदरचा नाहीतर ठाणे-बेलापूरचा. अशा गाड्या आपल्याकडे पदोपदी दिसतात. धावताना त्यांची फारशी तक्रार नसते. कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलं की मात्र स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा वरखाली होतो आणि मागे सायलेन्सर फुस्स फुस्स करतो. मिस्त्री म्हणतो, "गाडी मिसिंग मारते, प्लग बदलू." मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन मध्येच न पेटणं. प्लग बदलतात. मग कॉइल, मग पेट्रोल पंप, मग एखादा सेन्सर. खिसा रिकामा होतो आणि फुसफुस तशीच राहते. हा पैसा जाण्याआधी काय तपासायचं, ते आज सांगतो.

पहिली तपासणी फुकट आहे. इंजिन चांगलं तापू द्या, एसी बंद करा, गाडी मोकळ्या जागेत हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये ठेवा. टॉवरच्या बेसमेंटमध्ये हे कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि त्याने माणूस दगावतो. आता मागे जाऊन ऐका. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला मिनिटाला १६०० वेळा पेटतं. हे ठोके कानाला सुटे कळत नाहीत, एकसलग गुरगुर ऐकू येते. एक सिलिंडर पेटायचं थांबलं की मिनिटाला ४०० ठोके गळतात, म्हणजे सेकंदाला सहा-सात, आणि तेही ठरावीक अंतराने. तबलजीने दर आवर्तनात तीच मात्रा गाळावी, तसं ते ऐकू येतं. फुसफुस अशी नियमित असेल तर दोष एकाच सिलिंडरचा. मध्येच दोनदा, मग बराच वेळ काही नाही, अशी असेल तर दोष बहुधा सगळ्यांना मिळून जाणाऱ्या हवेत किंवा इंधनात.

मग कागदाची एक पट्टी सायलेन्सरच्या तोंडापासून चार बोटं अंतरावर धरा. इंजिन निरोगी असेल तर पट्टी सारखी बाहेर ढकलली जाते. ती मध्येमध्ये आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणारी झडप, नीट बसत नसल्याचा संशय घ्या. पिस्टन खाली जाताना उघड्या राहिलेल्या फटीतून हवा उलटी खेचली जाते. हा फक्त संशय आहे, निकाल नाही. त्यावरून लगेच हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवू देऊ नका.

अनियमित फुसफुशीचा शोध सोपा. रबरी व्हॅक्यूम पाइप उष्णतेने तडकतात आणि इंजिन चोरून हवा ओढतं. एकेक पाइप पकडीने हलकेच दाबा. दाबल्यावर स्लो, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची चाल, सुधारली तर चोर सापडला. ब्रेक बूस्टरचा पाइप लोक विसरतात. थ्रॉटल बॉडीतला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेजवळचा, काळा थरही साफ करून घ्या.

नियमित फुसफुस असेल तर आधी गाडी पेट्रोलवर घ्या. फक्त सीएनजीवरच मिसिंग असेल तर किटचा फिल्टर, त्याचे इंजेक्टर आणि ट्यूनिंग बघायचं. शिवाय सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर उघडा पडतो. पावसाळ्यात ओल धरलेली प्लगची वायरही अशीच दगा देते. दोन्ही इंधनांवर मिसिंग असेल तर मिस्त्रीला इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढायला सांगा. चालू सिलिंडरचा कनेक्टर काढला की आरपीएम पडतो. ज्याचा काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो आजारी. चालू इंजिनची प्लग वायर ओढण्याची जुनी पद्धत नको: झटका बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. त्याच कारणाने चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच घरापर्यंत रेटू नका.

आता त्या आजारी सिलिंडरचा प्लग आणि कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष तिकडे सरकला तर पुर्जा खराब, तो खुशाल बदला. इंजेक्टरही असाच पडताळून घेता येतो. दोष जागचा हलला नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तिथेच गोम आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट.

आणि आता ज्यासाठी मी मुख्यतः बोलतो आहे ते. सीएनजी कोरडं इंधन आहे. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती सीट झिजते, व्हॉल्व्ह आत रुतत जातो आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली मोकळी जागा, कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि जळतो. वेगात हे झाकून जातं, स्लोला उघड होतं. घात असा, की फट वाढली तर टॅपेट वाजतात, कमी झाली तर शांत होतात. "इंजिन किती शांत आहे बघा," असं कौतुक चाललेलं असतं तेव्हाच आत व्हॉल्व्ह जळत असतो. हे माझ्या मते आपल्याकडच्या गाड्यांचं सर्वांत दुर्लक्षित दुखणं आहे. थंड इंजिनवर फिलर गेजने, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या मापाने, फट मोजायला फारसा वेळ लागत नाही. तुमच्या गाडीला हायड्रॉलिक टॅपेट असतील तर हे समायोजन नसतं, मॅन्युअल बघा.

पीयूसीच्या पावत्याही फेकू नका. पेट्रोलवर केलेल्या चाचणीत बीएस-४ गाडीला हायड्रोकार्बनची मर्यादा २०० पीपीएम आहे, बीएस-२ आणि बीएस-३ ला ७५०. गाडी पास झाली तरी हायड्रोकार्बनचा आकडा दर वेळी चढत असेल आणि कार्बन मोनॉक्साइड जागच्या जागी असेल, तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय.

हेड उतरवावंच लागलं तर फक्त व्हॉल्व्ह घासून परत बसवू देऊ नका. सीट तपासून घ्या, झिजली असेल तर गॅसला टिकेल अशी कडक सीट बसवून मागा, आणि जोडणी झाल्यावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तुमच्यासमोर मोजून कागदावर लिहून घ्या. नमस्कार.