फुकट दितत, मगे खातत काय?

(मालवणातल्या एका वाचनालयात पावसातल्या एका रविवारी झालेलं बोलणं. रेकॉर्डिंग ऐकून उतरवलंय, मधले "मागे ऐकू येतंय ना?" तेवढे काढलेत.)

नमस्कार. बाहेर एवढा पाऊस आणि तरी खुर्च्या भरल्यात, म्हणजे एकतर विषय आवडलाय नाहीतर घरी लाईट गेलेत. काही असो, बसा.

मला सांगण्यात आलं होतं की ओपन सोर्सवाल्यांच्या जगात गेल्या दोन-तीन वर्षांत काय घडलं, त्यांच्या कॉन्फरन्समध्ये काय गाजलं, ते सगळ्यांना कळेल असं सांग. मी काल यादी करायला बसलो. शेजारी काका सुपारी कातरत बसलेले, त्यांनी विचारलं काय चाललंय, तर म्हटलं जगभरची माणसं मिळून प्रोग्राम लिहितात, कोणालाही फुकट देतात, वर तो कसा केलाय त्याचा सोर्स कोड पण देतात, म्हणजे जेवण वाढून वर मसाल्याचं प्रमाण पण लिहून द्यायचं तसं. काकांनी अडकित्ता थांबवला आणि म्हणाले, "फुकट दितत, मगे खातत काय?"

मी यादी ठेवली बाजूला. कारण खरं सांगायचं तर या दोन-तीन वर्षांतल्या सगळ्या मोठ्या बातम्या याच प्रश्नाच्या आहेत.

आधी इथलंच बघा. या वाचनालयाचा कॅटलॉग ज्याच्यावर चालतो ते कोहा, ते न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या वाचनालयांसाठी झालं. १९९९ साली त्यांची जुनी सिस्टीम सन २००० ची तारीख झेपवणार नव्हती, नवीन विकत घ्यायची तर महाग, म्हणून एका छोट्या कंपनीकडून बनवून घेतली आणि जगाला देऊन टाकली. कोहा हा माओरी शब्द. भेट म्हणजे कोहा, पण साधी भेट नाही, जी स्वीकारली की आपल्याकडून पण कधीतरी काहीतरी जायला पाहिजे अशी भेट. आपल्याकडे याला आहेर म्हणतात. लग्नात कोणी किती घातला ते वहीत लिहून ठेवतो ना आपण, आणि त्यांच्या घरच्या कार्याला ती वही काढतो. तर कोहा म्हणजे आहेर. फक्त ओपन सोर्समध्ये वही कोणी ठेवत नाही, आणि घोळ तिथेच आहे.

आता शिमग्याची गोष्ट. मार्च २०२४. मी गावी होतो, पालखी घरोघर फिरत होती, आणि २९ तारखेला गुड फ्रायडेच्या रात्री माझा फोन वाजायला लागला तो थांबेचना. आंद्रेस फ्रॉइंड म्हणून एक इंजिनिअर आहे, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतो. तो काहीतरी मोजमाप करत होता आणि त्याला दिसलं की एसएसएच, म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायची सोय, ती उगाच जास्त वेळ घेतेय. आधी ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८. अर्धा सेकंद! आपल्याकडे अर्धा सेकंद कोण मोजतो, आपली एसटी अर्धा तास लेट असली तरी आपण वेळेवर आली म्हणतो. पण हा माणूस मागे लागला, खोदत गेला, आणि एक्सझेड नावाच्या फाईल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामपाशी पोचला. लिनक्स म्हणजे विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, पण ओपन सोर्स, आणि हा प्रोग्राम जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो, नाव कोणाला माहीत नसतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. तो सगळीकडे पोचला असता तर ज्याच्याकडे चावी त्याला जगातल्या असंख्य सर्व्हरमध्ये गुपचूप शिरता आलं असतं. डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या दोन प्रकारांच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोचला होता, पक्क्या आवृत्त्यांत जायच्या आधी सापडला.

आणि बसवला कसा ते ऐका, कारण मला कोडपेक्षा ते जास्त लागलं. एक्सझेड सांभाळणारा माणूस फिनलंडचा, लासे कोलिन, वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा बघायचा. २०२१ च्या सुमाराला जिआ टॅन या नावाने कोणीतरी मदत करायला लागलं, चांगली मदत, नेटकी. मग २०२२ मध्ये भलत्याच नावांची माणसं उगवली, त्यातलं एक तर आपल्याकडचं वाटावं असं, आणि कोलिनच्या मागे लागली की कामं का अडतात, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने उत्तर दिलं की माझी मानसिक तब्येत बराच काळ बरी नाही आणि हा बिनपगारी छंद आहे हे विसरू नका. हळूहळू जिआ टॅनच्या हातात किल्ल्या गेल्या. दोन-अडीच वर्षं वाट बघून त्या हाताने घात केला. तो खरा कोण ते आजतागायत कळलेलं नाही.

मी ते सगळं पडवीत बसून वाचत होतो, बाहेर ढोल, आणि आई ओरडतेय की पालखी दारात आलीय, तो डबा बंद कर. मी ओटी भरायला उठलो पण डोक्यात तेच, की त्या फिनलंडच्या माणसाला दोन वर्षांत एक जण तरी खरा मदतीला आला असता तर. अख्ख्या जगाचा डोलारा ज्या खांबावर, त्या खांबाला वाळवी लागलीय का हे बघायला कोणी गेलं नाही, भाडं मात्र सगळे खात होते, आणि मीही त्यातलाच, मी पण दहा वर्षं एक्सझेड वापरतोय, साधं एक थँक्यू कधी पाठवलं नाही.

त्याच महिन्यात अजून एक शिमगा झाला. रेडिस म्हणून डेटाबेस आहे, मोठमोठ्या ॲपच्या पोटात असतो. क्लाउडवाल्या कंपन्या तो भाड्याने देऊन पैसा करायच्या, तर २० मार्चला रेडिसच्या कंपनीने लायसन्सच, म्हणजे वापरायच्या अटीच, बदलून टाकलं, पूर्वीसारखं मोकळं राहिलं नाही. आठ दिवसांत, २८ मार्चला, त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छपराखाली व्हॅल्की नावाने वेगळी चूल मांडली. याला इंग्रजीत फोर्क म्हणतात, मला आपलं वेगळी चूलच जास्त बरोबर वाटतं कारण भांडण, वाटणी, अबोला, सगळं त्यात येतं. मे २०२५ मध्ये रेडिस परत ओपन सोर्स लायसन्सवर आलं, पण चूल एकदा वेगळी झाली की एक होत नाही, तुमच्यातल्या निम्म्या लोकांना हे घरच्या अनुभवाने माहितीय. २०२३ मध्ये टेराफॉर्म या क्लाउडवरचे सर्व्हर उभे करायच्या प्रोग्रामचं असंच झालं, त्यातून ओपनटोफू निघालं. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस, ज्याच्यात आपण पत्रं टाईप करतो. मी कंपनीला सरसकट शिव्या घालणार नाही. खातत काय हा प्रश्न त्यांना पण आहे. पण आधी मोकळं देऊन माणसं जमवायची आणि मग कुंपण घालायचं, हे मला तरी पटत नाही.

मग पैसे येतात कुठून? येतायत थोडे थोडे. जर्मन सरकारने २०२२ मध्ये यासाठी वेगळा निधीच काढला, त्यातून नोमला, म्हणजे लिनक्सवर खिडक्या-मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामला, २०२३ मध्ये १० लाख युरो मिळाले. रस्ते-पूल सांभाळायला सरकार पैसे देतं तसंच हे. आपल्याकडे शेअरबाजारवाल्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, दरवर्षी १० लाख डॉलर, एकेका प्रोजेक्टला १० हजारांपासून १ लाखापर्यंत. भारतातून असं कोणी करतंय याचं मला अप्रूप आहे.

आणि पैसा नसला की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे व्हिएन्ना. सप्टेंबर २०२४, तिथे ओपन सोर्स समिट. लिनक्समध्ये ठरलेल्या क्षणाला काम झालंच पाहिजे अशी एक सोय हवी होती, कारखान्यातले रोबो वगैरे चालवायला. हे काम सुरू झालं २००४ च्या आसपास. मध्ये निधी आटला, मग २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनने हात दिला, असं रखडत रखडत वीस वर्षं. शेवटी ते काम करणाऱ्यांतल्या थॉमस ग्लाइक्सनर याने ते कोड स्वीकारायची विनंती छापून, सोनेरी कागदात गुंडाळून लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सच्या हातात दिली. एरवी हे सगळं कॉम्प्युटरवरूनच पाठवतात. मी तो फोटो बघितला आणि आमच्या मुंबई-गोवा हायवेची आठवण झाली. त्याला पण कोणीतरी सोनेरी कागद आणून ठेवा.

आता नवीन दुखणं. कर्ल नावाचा प्रोग्राम, इंटरनेटवरून काहीही आणायचं तर आत बहुतेक तोच असतो, गाड्यांमध्ये सुद्धा असतो. स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळतोय. सुरक्षेतली चूक शोधून दिलीत तर ते बक्षीस द्यायचे. एआय आल्यापासून लोक बसल्या जागी खोट्या चुका बनवून पाठवायला लागले, लांबलचक, गुळगुळीत इंग्रजीत, आणि ती चूक नाहीच हे सिद्ध करायला याच्या माणसांचे तासन् तास जायला लागले. जानेवारी २०२६ अखेर त्यांनी बक्षीसच बंद केलं. आंब्याच्या बागेत राखणीला बसलेल्या माणसाला रात्रभर वानर आला वानर आला म्हणून खोट्या हाका मारल्या, तर पहाटे खरा वानर आला की तो झोपलेला असणार, दुसरं काय.

कोचीचं सांगू का? सांगतो, थोडं लांबेल.

डेबियन म्हणजे लिनक्सचा एक जुनाजाणता प्रकार, १९९३ पासूनचा, मागे कंपनी नाही, सगळी स्वयंसेवक मंडळी. त्यांची जागतिक परिषद दरवर्षी वेगळ्या देशात भरते आणि २०२३ मध्ये ती कोचीला होती, १० ते १७ सप्टेंबर. म्हणजे आपल्या घरामागून जी नेत्रावती जाते तीच पकडायची. अडचण एकच, १९ ला गणपती. घरात जाहीर केलं तेव्हा आईने फक्त एवढंच विचारलं, गणपतीवरची माटवी कोण बांधणार? मी म्हटलं १८ ला रात्रीपर्यंत घरी. आणि आलो पण. मुंबईहून खाली येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती आणि मी खालून वर येत होतो आडवा पसरून, मडगावला उतरलो, पुढे मांडवीने कुडाळ, आणि मांडवी म्हटल्यावर कटलेट खाल्ल्याशिवाय थोडीच उतरणार.

तिथे भाषणं भरपूर झाली, ती रेकॉर्ड पण करतात आणि कोणालाही बघता येतात, म्हणून ती सांगत नाही. त्यांच्यात चीज आणि वाईनची एक रात्र असते, प्रत्येकाने आपल्या गावचं काहीतरी खायला आणायचं. मी नेलं होतं आंब्याचं साठं, आमसुलं आणि सालीसकट भाजलेले काजू. आमसूल तोंडात टाकून एका जर्मन मुलीचा चेहरा जो झाला तो काही सांगत नाही. पण एक ब्राझीलचा गृहस्थ काजूच्या ताटलीपाशी उभाच राहिला आणि म्हणाला, काजू! मी म्हटलं हो, काजू. तो म्हणाला नाही नाही, तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी म्हटलं काजूच. शब्द त्यांच्याकडचा, झाड पण त्यांच्याकडचं, पोर्तुगीजांनी बोटीतून आणलं आणि आपण डोंगरच्या डोंगर लावून टाकले, आणि आता मी त्यालाच ते परत नेऊन वाढत होतो. आहेर फिरून घरी आला म्हणायचं.

त्याच टेबलावर मला कामाला लावलं गेलं. एक फाँटवाला मुलगा भेटला, मराठी आहे म्हटल्यावर म्हणाला, दर्या लिही. लिहिलं. आता दऱ्या लिही. तर आपल्याला हे दोन वेगळे शब्द आहेत, एकात होडी जाते आणि दुसऱ्यात एसटी. एकात र वर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात ती आडवी पापणीसारखी रेघ. कॉम्प्युटरला ते कळायला दुसऱ्यासाठी वेगळं अक्षर लागतं, ऱ, युनिकोड म्हणजे जगातल्या अक्षरांना नंबर देणारी यादी, तिच्यातला कोड ०९३१, आणि गंमत म्हणजे तिथे ते अक्षर दाक्षिणात्य भाषांतल्या र साठी म्हणून नोंदलंय, आपली पापणी त्याच्या खाली तळटिपेसारखी. किती तरी ॲपमध्ये आज पण "सुऱ्या" लिहायला गेलं की "सुर्या" होतं. त्या मुलाने विचारलं, तुम्ही किती जणांनी तक्रार नोंदवलीय? मी गप्प. आपण मराठी नीट दिसत नाही म्हणून व्हॉट्सॲपवर चिडतो, जिथे सांगायचं तिथे सांगत नाही. मग मी घरी आल्यावर, गौरी गेल्यावर, पहिली तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट, काय हवं, काय दिसतं, तीन ओळी. नऊ महिन्यांनी दुरुस्त झालं. कोणी केलं? एका मल्याळी माणसाने. मराठी येत नाही त्याला. खातो काय ते मी विचारलं नाही, पण थँक्यू या वेळी पाठवलं.

हां, प्रश्न विचारतायत बाई. बोला. ... बरं, मागे ऐकू आलं नसेल, मी सांगतो. आपल्या ग्रंथपाल बाई म्हणतायत की कॅटलॉगमध्ये ॲक्युप्रेशर शोधलं की कधी एक पुस्तक दिसतं, कधी चार. बरोबर आहे, कारण ते ॲ दोन प्रकारे टाईप होतं. एक, अ काढून त्यावर चंद्र ठेवायचा. दोन, ॲ हे सबंध एकच अक्षर, ते युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे, आणि या वाचनालयात टाईप करायला तीन जण बसले असतील तर तीन सवयी. कोहाला शोधताना हे दोन्ही एकच समज असं सांगता येतं, एका फाईलमध्ये एक नियम घालायचा आणि पुस्तकांची सूची परत बांधायला लावायची, तेवढं माझ्याने होईल. बाकीच्या वाचनालयांसाठी तो नियम वर पाठवायचा तर कोणीतरी नीट चाचणी करायला हवी, तुमच्यातले कॉलेजचे तिघं-चौघं थांबा मग.

काका, तुम्ही पण थांबा, चहा आहे. आणि कोणीतरी इन्व्हर्टर बघा, लाईट आहेत तोवर सूची बांधून घेऊ.