नदीचं मूळ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या मुलानं प्रसिद्ध ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं एक गाणं गिटारवर वाजवलं. छान वाजवलं, टाळ्याही भरपूर पडल्या. आपले एक ज्येष्ठ काका मात्र मधूनच उठून स्वयंपाकघराकडे गेले. मी मागोमाग गेले, तर काका सिंकपाशी उभे राहून धुतलेलेच कप पुन्हा धूत होते. बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं. म्हणाले, "पोरगं गोड वाजवतंय गं. पण मला तो शुक्रवार आठवला."

तो शुक्रवार म्हणजे ६ ऑगस्ट १९७६. आदल्या रात्री इथेच, बर्मिंगहॅमच्या ओडियनमध्ये, क्लॅप्टनचा कार्यक्रम झाला होता. दारू प्यायलेल्या अवस्थेत तो माइकवर बोलायला लागला. तिथे हजर असलेल्यांच्या सांगण्यानुसार, सभागृहात कोणी परदेशी असतील तर हात वर करा, असं तो म्हणाला. मग ईनॉक पॉवेल या ब्रिटिश राजकारण्याची बाजू घेतली, बाहेरून आलेल्यांना परत पाठवा म्हणाला. पॉवेलनं स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं होतं तेही याच शहरात, १९६८ मध्ये.

काका तेव्हा फाउंड्रीत कामाला होते. तो उन्हाळा इंग्लंडमध्ये अजून आठवला जातो, इतकं ऊन आणि इतका पाण्याचा दुष्काळ. सकाळची पाळी सुरू होताना शेजारी काम करणारा गोरा माणूस, जो आदल्या रात्री कार्यक्रमाला गेला होता, काकांकडे बघून हसत म्हणाला, "हात वर कर." काकांनी मान खाली घालून साच्यात वाळू भरायला घेतली. दोनच महिन्यांपूर्वी लंडनच्या साउथॉल भागात गुरदीप सिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाचा भोसकून खून झाला होता. त्या काळात असं वाक्य थट्टा म्हणून सोडून देता येत नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. मीही घरात हेच ऐकत वाढले. गवयाचं गाणं ऐकावं, तो घरी कसा वागतो ते आपण कशाला बघायचं? ही शिकवण मी पूर्ण टाकून देत नाही. माणसाच्या घरातल्या चुका, व्यसनं, मोडलेले संसार यांचा पंचनामा आपण करू नये, असं मला आजही वाटतं. पण ओडियनमधली गोष्ट वेगळी आहे. तो माइक त्याच्यासमोर गिटारमुळे आला होता. हजारो लोक तिकीट काढून त्याचं वादन ऐकायला आले होते. त्याच व्यासपीठावरून, त्याच माइकवर तो आमच्या माणसांबद्दल बोलला. मग हे वादन आणि हे बोलणं, यांची फारकत आम्ही ऐकणाऱ्यांनी कशी करायची?

आणि खरं सांगू? कला वेगळी आणि माणसं वेगळी, ही फारकत सगळ्यात आधी त्यानंच केली होती. ज्या ब्लूजवर तो मोठा झाला ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. मिसिसिपीचा रॉबर्ट जॉन्सन १९३६ आणि १९३७ मध्ये फक्त २९ गाणी ध्वनिमुद्रित करून वयाच्या २७ व्या वर्षी गेला. त्याच्यापुढे क्लॅप्टन आयुष्यभर नतमस्तक राहिला. १९७४ मध्ये अमेरिकेत त्याचं जे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, 'आय शॉट द शेरिफ', ते जमैकाच्या बॉब मार्लीचं. त्यांचं संगीत हवं, पण माणसं शेजारी नकोत! नदीचं मूळ पाहू नये म्हणणं इथे मला चालत नाही, कारण ज्यांनी हे पाणी दिलं त्यांनाच घाटावरून हुसकून लावलं जात होतं.

हे तेव्हाच काहींनी ओळखलं. रेड सॉन्डर्स नावाच्या छायाचित्रकारानं मित्रांसोबत संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिलं. तुझं अर्धं संगीत काळ्यांचं आहे, शेरिफला गोळी कोणी घातली, तू तर नक्कीच नाहीस, असं त्यात खडसावून विचारलं होतं. या पत्रातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गर चौकातून मोर्चा निघाला आणि पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारोंच्या गर्दीसमोर 'द क्लॅश' या बँडबरोबर 'स्टील पल्स' हा बँडही वाजला. हे 'स्टील पल्स' आपल्याच हॅन्ड्सवर्थचे, इथून बसनं जाता येतं. गाण्याला उत्तर गाण्यानंच दिलं गेलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

क्लॅप्टननं पुढे दारू सोडली, १९९८ मध्ये अँटिगा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र काढलं. ते मोठंच काम आहे. पण पॉवेलचं कौतुक तो नंतरही कितीतरी वर्षं करत राहिला. त्या वागण्याची लाज वाटते, असं तो उघडपणे म्हणाला तेव्हा २०१८ साल उजाडलं होतं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "चला, म्हणाला तरी." माफ केलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. ज्याला हात वर करायला सांगितलं गेलं नाही, त्यानं काकांच्या वतीनं 'जाऊ द्या, कलाकार आहे' म्हणू नये, एवढं मात्र मला ठामपणे वाटतं.

त्या रात्री घरी येऊन मी मुलाला सगळं सांगितलं. त्यानं गिटार खोळीत घातली आणि दोन आठवडे हात लावला नाही. शेवटी काकाच घरी आले. त्याच्या शेजारी पलंगावर बसून म्हणाले, "वाजवणं कशाला सोडतोस? वाजव. पण हे मुळात कोणाचं आहे, ते आधी सांग आणि मग वाजव."

आज तो रॉबर्ट जॉन्सनचं 'क्रॉस रोड ब्लूज' वाजवणार आहे. आधी दोन मिनिटं मराठीत बोलणार आहे, चुकला तर सांभाळून घ्या. काका पहिल्या रांगेत बसले आहेत.