मेडनहेडची चपटी कमान

लंडनहून पश्चिमेला निघालेली गाडी मेडनहेडला थेम्स नदी ओलांडते. पूल विटांचा आहे आणि पाण्यावर मोठ्या कमानी फक्त दोन. एकेका कमानीचा गाळा 128 फूट, म्हणजे 39 मीटर. उंची मात्र जेमतेम 24 फूट. याच गाळ्यावर अर्धवर्तुळाकार कमान घातली असती, तर माथा 64 फुटांवर गेला असता.

तेवढं वर जायची सोयच नव्हती. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे अभियंते इझाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी मार्ग जवळजवळ सपाट आखला होता. इथला उतार 1320 फुटांत 1 फूट. एका पुलासाठी रुळांना कुबड आणायला ते तयार नव्हते. नदीत खांबांची रांगही चालणार नव्हती, कारण नावांना वाट मोकळी हवी होती. म्हणून मधे एकच खांब, तोही नदीतल्या बेटावर. दोन्ही काठांना पुराच्या पाण्यासाठी चार-चार लहान कमानी.

कमान जितकी चपटी, तितका तिचा आडवा रेटा जास्त. या पुलावर तो अर्धवर्तुळाच्या दुपटीहून अधिक भरतो. मधल्या खांबावर दोन्हीकडचे रेटे एकमेकांना तोलतात, बाहेरचे काठावरच्या बांधकामात जिरतात. वरचं ओझं कमी व्हावं म्हणून आतलं बांधकाम भरीव न ठेवता उभ्या भिंती घालून पोकळ ठेवलं आहे.

आता सेंटरिंग, म्हणजे कमानीखालचा तात्पुरता लाकडी आधार. कमान जुळून येईपर्यंत विटांचा सगळा भार लाकडी सांगाडा पेलतो. मग सांगाड्याखालच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करायच्या, की कमान किंचित बसते आणि विटा एकमेकींवर दाबल्या जातात. सांध्यातलं सिमेंट तोवर घट्ट झालेलं हवं. 1838 च्या मे महिन्यात पूर्वेकडच्या कमानीचं सेंटरिंग त्याआधीच सैल केलं गेलं. माथ्याजवळ सुमारे 12 फुटांत विटांचे खालचे तीन थर वरच्यांपासून अर्धा इंच सुटले. पश्चिमेची कमान तशीच चपटी, तिला काही झालं नाही. चूक आकाराची नव्हती, घाईची होती. दुरुस्तीचा खर्च कंत्राटदारानं सोसला.

तरी पूल पडणार, ही कुजबुज थांबली नाही. दुरुस्तीनंतर ब्रुनेल यांनी सांगाडा थोडा खाली घेतला, पण काढला नाही. बघणाऱ्याला वाटे, पूल लाकडावर उभा आहे. प्रत्यक्षात कमानीला त्याचा टेकू उरलाच नव्हता. पुढे वादळी हवेत तो सांगाडा कोसळला. कमानी जागच्या जागी!

1 जुलै 1839 ला या पुलावरून वाहतूक सुरू झाली. तेव्हा दोन रुळांमधलं अंतर 7 फूट पाव इंच. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. 1890 ते 1893 मध्ये सर जॉन फाउलर यांच्या आराखड्यानुसार दोन्ही अंगांना बांधकाम वाढवून चार रूळमार्ग केले. नवी रुंदीही त्याच आकाराच्या विटांच्या कमानींवर पेलली आहे.

काठच्या पायवाटेवरून कमानीखाली जाऊन टाळी वाजवा. आवाज घुमत परत येतो. म्हणूनच स्थानिक लोक तिला नादकमान म्हणतात. डोक्यावरून लंडनच्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाची गाडी जाते.